जुना आर्मी ट्रक घरी आणायचाय? आधी तो थांबतोय का ते बघा

अमेरिकेत लिलावात जुना मिलिटरी ट्रक घेतलेल्या मित्राचा पहिला फोन साधारण सारखाच असतो. "अरे, बॅटऱ्या नव्या टाकल्या आणि एका सेल्फमध्ये चालू झाला बघ! आता चालवतच घेऊन येतो." मी दर वेळी एकच विचारतो, की चालू झाला ते ठीक, पण थांबतोय का? मग पलीकडे दोन सेकंद शांतता. हा लेख त्या दोन सेकंदांसाठी लिहिलाय असं समजा.

मी बोलतोय ते एम-३५ए२ बद्दल, इकडे सगळे त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' किंवा नुसतं ड्यूस म्हणतात, म्हणजे अडीच टनी. सहा बाय सहा म्हणजे सहाही चाकांना इंजिनाची ताकद, दहा टायर (मागची चाकं जोडटायरची, त्याला ड्युअल म्हणतात), रिकामा असताना १३,००० पाउंडाच्या आसपास म्हणजे जवळपास ५,९०० किलो. रस्त्यावर १०,००० पाउंड माल आणि कच्च्यात ५,००० ही त्याची अधिकृत क्षमता, अडीच टन हे नाव त्या कच्च्यातल्या आकड्यावरून आलंय. इंजिन ४७८ घनइंचाचं सहा सिलेंडर मल्टिफ्युएल, डिझेलवर चालतं, विमानाच्या इंधनावर चालतं, वेळ पडली तर पेट्रोल मिसळूनही चालतं. गंमत म्हणजे या इंजिनाची ज्वलनाची पद्धत जर्मनीच्या मॅन कंपनीची, आणि आपला जबलपूरला पूर्वी बनायचा तो शक्तिमान ट्रकही मॅनच्याच लायसन्सवरचा. लहानपणी खडकीला रस्त्याच्या कडेला उभं राहून शक्तिमानचे ताफे बघितलेत, त्यामुळे ड्यूस पहिल्यांदा बघितला तेव्हा लांबचा चुलतभाऊ भेटल्यासारखं झालं. टायरचा साइजसुद्धा ओळखीचा निघाला, ९.००-२०, आपल्याकडच्या ट्रकला वर्षानुवर्षं हाच असायचा.

कागदांचं एकदा सांगून टाकतो. सरकारी लिलावातून थेट घेत असाल तर एसएफ-९७ नावाचा फॉर्म मिळाल्याशिवाय टायटल, म्हणजे मालकीचा कागद, होत नाही, आणि तो हातात यायला वेळ लागतो. दुसऱ्याकडून घेत असाल तर टायटल आधीच त्याच्या नावावर झालंय का ते पैसे द्यायच्या आधी बघा, "मिळेल हो" वर जाऊ नका. रजिस्ट्रेशनचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे, आपल्या राज्यात विचारूनच बोली लावा. आणि टीएम ९-२३२०-३६१ हे आर्मीचं मॅन्युअल उतरवून घ्या, फुकट मिळतं. पार्ट नंबरपासून कुठल्या निपलला किती दिवसांनी ग्रीस मारायचं इथपर्यंत सगळं आहे त्यात, मी तर छापून बाइंडिंगच करून घेतलंय, वहीला ग्रीसचे डाग पडलेत.

ब्रेक

या ट्रकमध्ये दणकटपणा ठासून भरलाय, पण ब्रेकची लाइन एकच आहे. एक मास्टर सिलेंडर, एक एअरपॅक (हवेच्या दाबाने पेडलला मदत करणारा भाग), आणि तिथून सहाही चाकांना जाणारं एकच सर्किट. म्हणजे सहापैकी एका चाकाचं व्हील सिलेंडर फुटलं की पेडल फरशीला आणि ब्रेक सगळ्याच चाकांचा गेला. माझ्या पहिल्या ट्रकचं मागचं एक सिलेंडर असंच बसलं, नशिबाने शेताच्या वाटेवर, स्पीड आठ-दहा मैल असेल, समोर गवताचे गठ्ठे होते त्यांनी थांबवलं. हायवेला असतो तर हा लेख लिहायला मी नसतो.

म्हणून इंजिनाला हात लावायच्या आधी हे करा. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. ड्रायव्हरच्या पायाखालचं झाकण काढून मास्टर सिलेंडरमधलं फ्लुइड बघा. लेव्हल कमी असेल तर लगेच ओतू नका, कारण आत कुठलं फ्लुइड आहे ते आधी कळलं पाहिजे. आर्मीने १९८० च्या दशकात सिलिकॉनवालं डॉट ५ वापरायला सुरुवात केली, पण मधल्या काळात कुणी साधं डॉट ३ टाकलं असेल तर ते तुम्हाला कोण सांगणार? सोपी टेस्ट आहे: काचेच्या बाटलीत थोडं पाणी घ्या, त्यात फ्लुइडचे काही थेंब टाकून हलवा. पाण्यात विरघळलं तर डॉट ३ किंवा ४, वेगळंच तरंगत किंवा तळाशी राहिलं तर सिलिकॉन. दोन्ही एकत्र करायचे नाहीत, आणि डॉट ५.१ हे नाव बघून फसू नका, ते सिलिकॉन नाहीये. मिसळलेलं वाटलं तर सगळी लाइन धुऊन, रबर बदलून नव्याने भरा, त्यात शॉर्टकट नाही.

मग इंजिन बंद, टाक्यांमधली हवा शून्य, अशा वेळी पेडल दाबून एक मिनिट धरून ठेवा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. गाडीखाली आडवे व्हा आणि प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर ओल आहे का बघा. कोरडं असलं तरी मी स्वतः सहाही ड्रम उघडतो, दोन शनिवार-रविवार जातात, जाऊ देत. एक सिलेंडर खराब निघालं तर सहाही नवीन टाका, उरलेली पाचही त्याच वयाची असतात. आणि लाइनरचं काम करताना हवेने धूळ उडवू नका, जुन्या लाइनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

आता इंजिन चालू करून हवा भरा. हवा कमी असल्याचा बझर बंद होईपर्यंत गाडी हलवायची नाही, काटा १०० पीएसआयच्या आसपास गेला की इंजिन बंद करून ऐकत बसा. शांत जागी फुसफुस लगेच ऐकू येते, साबणाचं पाणी घेऊन जॉइंट शोधा. टाक्यांच्या खालचे कॉक उघडून पाणी काढायचं, हे रोजचं काम आहे, वर्षातून एकदाचं नाही. हवा गेली तर ब्रेक पूर्ण जात नाही पण एअरपॅकची मदत जाते, आणि मग नुसत्या पायाच्या जोरावर सहा टन थांबवायचे म्हणजे दोन्ही पाय पेडलवर.

हँडब्रेकची भानगड लक्षात ठेवा, पुढे टोचन करताना कामाला येणार आहे. या ट्रकचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा डबा) मागे प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडलाय तिथल्या ड्रमवर आहे.

चाकं

लॉक रिंगवाल्या रिमचं काम आपल्याकडे पंक्चरवाल्याकडे बघितलेलं असतं, तो पोरगा रिंगवर पाय ठेवून हवा भरत असतो. तसं करू नका. रिंग उडाली तर डोकं उडतं. जॅक लावण्याआधी व्हॉल्व्हची सुई काढून पूर्ण हवा सोडा, ड्युअल असेल तर दोन्ही टायरची. आणि परत भरताना पिंजऱ्यात किंवा निदान चाकाभोवती चेन गुंडाळून, लांब नळीने, समोर उभं न राहता. मी हे काम पैसे देऊन ट्रक टायरच्या दुकानातच करून घेतो, त्यात लाज काय.

नट सोडताना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकाला एल कोरलेलं दिसेल. इथे दर महिन्याला कुणीतरी चार फुटी पाइप लावून नट 'सोडवताना' आवळून स्टड तोडतो. मागच्या ड्युअलला बाहेरच्या नटाच्या आत चौकोनी तोंडाची टोपी असते, तिने आतलं चाक धरलेलं असतं. तेव्हा आवळताना आधी बाहेरचे नट ढिले, मग आतल्या टोप्या टाइट, मग परत बाहेरचे. हे न करता नुसते बाहेरचे आवळले तर आतलं चाक हलत राहतं आणि भोकं लंबगोल होतात.

टायरची नक्षी भरपूर दिसते म्हणून खुश होऊ नका, आर्मीचे ट्रक उभेच जास्त असतात, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर वीस-तीस वर्षांचं असं सर्रास असतं. भिंतीवरची तारीख वाचा, भेगा बघा. ड्युअलच्या जोडीत दोन टायरच्या व्यासात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको, नाहीतर मोठा टायर सगळं वजन घेतो आणि छोटा घासत जातो.

हबचं बेअरिंग ग्रीस नवीन भरा, तीन इंची मोठा सॉकेट लागतो, तो आधीच मागवून ठेवा. पहिल्या वीस मैलांनंतर थांबून प्रत्येक हबजवळ हात न्या. एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग तरी आवळलंय किंवा ब्रेक चिकटलाय.

वीज आणि इंजिन

गाडी २४ व्होल्टची, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. रेडिओ किंवा फोन चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढायचा मोह होतो, पण मग एक बॅटरी कमी चार्ज आणि दुसरी जास्त चार्ज होऊन दोन्ही मरतात. कन्व्हर्टर लावा. किल्ली नसतेच या ट्रकला, नुसता स्विच, त्यामुळे स्टेअरिंगला साखळी आणि कुलूप, अगदी सायकलसारखं.

इंजिनाला ऑइल वीस लिटरच्या आसपास लागतं, १५डब्ल्यू-४०, आणि ऑइल फिल्टर दोन. टर्बो आहे, त्यामुळे थांबल्यावर तीन-चार मिनिटं आयडलला सोडून मग बंद करायचं. २,६०० आरपीएमच्या वर नेऊ नका, उतारावर तर अजिबात नाही, हे इंजिन वरच्या आरपीएमला कनेक्टिंग रॉड बाहेर फेकतं अशी ख्याती आहे. एक्झॉस्टच्या तापमानाचं मीटर बसवून घ्या, टर्बोच्या आधी १,२०० फॅरनहाइटच्या खाली ठेवलं की बरं. रंग खरवडायचा विचार असेल तर कोरडं पॉलिश पेपर मारू नका, आर्मीच्या त्या हिरव्या रंगात आणि खालच्या प्रायमरमध्ये विषारी माल असतो, ओलं करून आणि चांगला मास्क लावून.

घरी आणणं: लोबॉय की टोचन

माझं प्रामाणिक मत, अंतर पन्नास मैलांच्या वर असेल तर लोबॉयवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, टाकून आणा. भाडं डोळ्यावर येतं, पण तेवढंच. रुंदी आठ फूट, मागची ताडपत्री आणि कमानी काढून टाका म्हणजे उंचीचं टेन्शन नाही आणि वाऱ्यात फडफडून फाटतही नाही. इथल्या फेडरल नियमाप्रमाणे १०,००० पाउंडाच्या वरच्या गाडीला कमीत कमी चार ठिकाणी बांधावं लागतं आणि प्रत्येक बांधणीची क्षमता किमान ५,००० पाउंड. तीन अष्टमांश इंची ग्रेड ७० साखळीची कामाची क्षमता ६,६०० पाउंड, ती चालते. हार्डवेअरच्या दुकानातली चकचकीत साधी साखळी चालत नाही, कडीवर ग्रेडचा आकडा कोरलेला नसेल तर ती म्हशीला बांधा.

टोचनच करायचं असेल तर पहिला प्रश्न, पुढे कोण ओढणार? पिकअप ट्रक ओढेल हो, सात हजार पाउंडाचा पिकअप तेरा हजाराच्या ड्यूसला खेचेलही, पण उतारावर मागचा पुढच्याला ढकलत नेईल. ओढणारी गाडी निदान तेवढ्याच वजनाची हवी, म्हणजे दुसरा ड्यूस किंवा पाच टनी. आणि रस्त्यावर साखळीने किंवा पट्ट्याने ओढायचं नाही, तिकोनी टो बार पुढच्या शॅकलच्या ब्रॅकेटला पिनने बसतो तोच वापरायचा. साखळीने ओढायचं म्हणजे मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक हवा, आणि बंद इंजिनाच्या गाडीत हवा भरत नाही, मग एअरपॅकची मदत जाते हे वर सांगितलंच.

मग क्रम असा. चाकांना ठोकळे. टो बार बसवा, पिनांना स्प्लिट पिन. सेफ्टी साखळ्या खालून एकमेकांना छेद देऊन. आता गाडीखाली जाऊन ट्रान्सफर केसपासून मधल्या अ‍ॅक्सलकडे जाणारा शाफ्ट काढा, पुढच्या अ‍ॅक्सलचाही काढा. ट्रान्सफर न्यूट्रल करून नेता येतं असं म्हणणारे भरपूर आहेत, यार्डातल्या यार्डात मीही तेच करतो, पण लांबच्या रस्त्यावर लिव्हर सरकला किंवा आत तेलच नसलं तर गिअरबॉक्सचा भुगा होतो. मधल्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला छोटा शाफ्ट राहू द्या, ते दोन्ही बरोबरच फिरतात, फक्त तिन्ही डिफरन्शियलची तेलाची लेव्हल बघून घ्या. नटबोल्ट पिशवीत, पिशवी शाफ्टला बांधून, शाफ्ट मागच्या बॉडीत.

आणि इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. शाफ्ट काढला की हँडब्रेकचा चाकांशी संबंध संपला. लिव्हर ओढाल, टाइट लागेल, आणि गाडी तरी पळेल. गिअरमध्ये टाकून ठेवली तरी तेच. म्हणून शाफ्टचा पहिला बोल्ट सोडायच्या आधी ठोकळे आणि टो बार दोन्ही पाहिजेत, आणि पोचल्यावर शाफ्ट परत बसेपर्यंत टो बार काढायचा नाही. माझ्या एका मित्राने टो बार आधी काढला, ट्रक अंगणातल्या उतारावरून शेजाऱ्याच्या कुंपणात गेला. "दादा, हँडब्रेक ओढला होता की रे," म्हणत होता बिचारा, आणि खरंच ओढलेला होता.

पाच टनी एम-९३९ मालिकेचा ट्रक असेल तर उलटी गंमत आहे. त्याचे मागचे ब्रेक स्प्रिंगचे, हवा गेली की आपोआप लॉक होतात. ओढायचा तर त्या चेंबरच्या मागे बोल्ट घालून स्प्रिंग दाबून धरावी लागते. ती चेंबर खोलायच्या भानगडीत मात्र कधी पडू नका, आत दाबलेली स्प्रिंग माणूस मारते.

मागच्या गाडीला चुंबकवाले दिवे लावा, स्पीड ३५ मैलांच्या वर नेऊ नका, पहिल्या पाच मैलांनंतर थांबून पिना, साखळ्या, हब सगळं परत बघा.

ट्रेलर: एम-१०५

ड्यूसचा जोडीदार म्हणजे दीड टनी दोनचाकी एम-१०५ए२, टायर तेच ९.००-२०, रिकामा २,७०० पाउंडाच्या आसपास. पिंटल हुकात (ट्रकच्या मागचा जबड्याचा हुक) ट्रेलरची रिंग अडकवा, वरचा जबडा बंद करा, त्याची पिन घाला, मग साखळ्या, मग हवेच्या दोन नळ्या, मग बारा पिनांचा विजेचा प्लग, शेवटी पुढचा पाय वर. नळ्या जोडल्यावर ट्रकच्या मागचे दोन कॉक उघडायला लोक हमखास विसरतात, नळ्या छान लटकतायत आणि ट्रेलरला ब्रेकच नाही. जोडल्यावर दहा फूट पुढे जाऊन इमर्जन्सीची नळी काढून बघा, ट्रेलरची चाकं जाम झाली पाहिजेत.

पिकअपमागे हा ट्रेलर लावाल तर हवा नाही म्हणजे ट्रेलरला ब्रेक नाही, आणि दिवे २४ व्होल्टचे म्हणजे मिणमिणते. दिव्यांना दोन्ही व्होल्टेजवर चालणारे एलईडी टाकले की झालं. ब्रेकचं तसं नाही. बिनब्रेकच्या ट्रेलरला किती वजन चालतं ते राज्यावर आहे, भरलेला तर बहुतेक ठिकाणी नाहीच चालणार.

चिखलात रुतला तर

रुतणारच. सहा बाय सहा आहे म्हणून लोक जरा जास्तच आत जातात आणि मग जरा जास्तच रुततात. रुतल्याचं कळलं की पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा. चाकं फिरवत राहिलात तर स्वतःची कबर खणताय.

आता खाली उतरून हिशेब करा. आर्मीच्या रिकव्हरी मॅन्युअलमधला नियम सोपा आहे: चाकापर्यंत रुतला तर गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतला तर दुप्पट, केबिनपर्यंत तर तिप्पट. आलात त्याच वाटेने मागे ओढलं तर साधारण दहा टक्के कमी. वजन म्हणजे मालासकट, त्यामुळे आधी माल उतरवा.

ड्यूसच्या पुढच्या विंचची ताकद १०,००० पाउंड, तीही ड्रमवर तारेचा पहिलाच थर असताना, वरच्या थरांवर कमी होत जाते. रिकामा ट्रक चाकापर्यंत रुतलाय म्हणजे १३,००० पाउंड, सरळ तारेने नाही निघणार. एक स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडणारी पुली, लावून तार परत आणली की दोन पदर होतात. प्रत्येक पुलीमागे दहा टक्के घर्षण धरा, म्हणजे १४,३०० भागिले दोन, ७,१५० पाउंड. विंच आरामात ओढतो. मडगार्डपर्यंत रुतला असेल तर २६,०००. दोन पुल्या, तीन पदर धरले तरी ३१,२०० भागिले तीन, १०,४००, थोडक्यात हुकतंय. इथे तिसरी पुली शोधण्यापेक्षा फावडं घ्या. चाकांपुढची आणि अ‍ॅक्सलखालची माती तासभर काढली की मडगार्डचं रुतणं चाकापर्यंतचं होतं आणि लागणारा जोर अर्ध्यावर येतो. फावडं कंटाळवाणं आहे पण ते तुटत नाही.

विंच पुढे असतो आणि निघायचं असतं मागे, हा नेहमीचा घोळ, त्यामुळे बहुतेक वेळा दुसऱ्या ट्रकचाच विंच लागतो. तार फ्रेमच्या शॅकलला लावा, बंपरला नाही, टो बॉलला तर कधीच नाही. झाडाला तार गुंडाळू नका, रुंद पट्टा वापरा, झाडही वाचतं आणि तारही. ड्रमवर कमीत कमी चार-पाच वेढे राहिले पाहिजेत. तारेवर मधोमध ओलं पोतं किंवा जाड जॅकेट टाका. बघे लोक तारेच्या लांबीच्या बाहेर, इशारे एकानेच द्यायचे, बाकीच्यांनी गप्प बसायचं. ताणलेली तार कुणी ओलांडायची नाही, अगदी "एकच सेकंद" असेल तरी.

विंचच्या शाफ्टमध्ये एक पिन असते, ती जास्त ताण आला की तुटावी म्हणूनच बसवलीय. तुटली की चिडून तिथे कडक बोल्ट घालणारे महाभाग आहेत, मग पुढच्या वेळी पिनेऐवजी गिअर तुटतो किंवा तार. तीन-चार योग्य पिना डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. चाकं सावकाश फिरवून विंचला मदत करायची, पण गाडी बाहेर आली की तार चाकाखाली जाऊ देऊ नका.

बाहेर निघाल्यावर लगेच हायवे पकडू नका. ब्रेक ड्रममध्ये चिखल असतो, हळू चालवत हलका ब्रेक मारत सुकवा. चिखलासाठी टायरची हवा कमी केली असेल तर परत भरा. घरी पोचल्यावर डिफरन्शियलचा ड्रेन प्लग जरासा सोडून बघा, तेल दुधाळ निघालं तर पाणी गेलंय, सगळं बदला. प्रत्येक निपलला ग्रीस, आतलं घाण पाणी बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. विंचची तार पूर्ण बाहेर काढून, पुसून, तेल लावून, थोड्या ताणावर परत गुंडाळा, ढिली गुंडाळलेली तार पुढच्या वेळी खालच्या थरात रुतते आणि तेव्हा तुम्ही परत गुडघाभर चिखलात उभे असता.